मज्जारज्जूत पेशी सोडून पायांची आग थांबते का?

देवगड तालुक्यातल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याचे वडील, वय ५८, आंबे काढताना कलमावरून पडले. पाठ आणि कंबर जिथे मिळते तिथला मणका फुटला, ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. आता ते वॉकर धरून पडवीपर्यंत येतात. पण दोन्ही पायांची गुडघ्याखाली सतत आग होते, रात्री जास्त. गोळी घेऊन ‘काही फरक नाही’. मुंबईतल्या एका केंद्राने सांगितलं आहे की कमरेच्या हाडातून त्यांच्याच स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) काढून पाठीच्या पाण्यात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, तीन वेळा सोडू, खर्च चार लाख ऐंशी हजार, आणि पेशी स्वतःच्याच असल्यामुळे धोका नाही. घरात बागेचा एक तुकडा गहाण ठेवायचं बोलणं चाललं आहे. ‘मॅडम, करू का?’

उत्तर आधीच सांगते, कारण गहाणखताचा दिवस ठरला असेल तर पुढचं वाचायला तुम्हाला उसंत नसेल. करू नका. या स्वरूपात आणि पैसे मोजून तर नाहीच नाही. पण नुसत्या ‘नको’वर तुमचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. उद्या दुसरं कुणी दुसऱ्या नावाने हेच घेऊन येईल, तेव्हा तुम्हाला स्वतःला पारखता आलं पाहिजे.

मी मूळची भूलतज्ज्ञ. गेली सतरा वर्षं रत्नागिरीत वेदनेचीच ओपीडी चालवते. झाडावरून पडलेला माणूस आला नाही असा एकही आंब्याचा हंगाम मला आठवत नाही. हे लोक पडल्या पडल्या माझ्याकडे येत नाहीत. वर्ष-दोन वर्षं उलटतात, हाड जुळतं, एक्स-रे बघून ‘आता सगळं नीट आहे’ असं त्यांना सांगितलं जातं, आणि मग ते येतात. मागे वेंगुर्ल्याकडचे एक काका आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, ‘मॅडम, पाय जळतत.’ मी पायाला हात लावला तर पाय गार. टाचणी टोचली तर त्यांना कळेना. मग कापसाचा बोळा घेतला आणि पावलावरून अलगद फिरवला, तर ते कळवळले आणि दोन्ही हातांनी पाय मागे ओढला. टाचणी कळत नाही आणि कापूस मात्र भाजतो. तुमच्या बाबांचं दुखणं बहुधा याच जातीचं आहे, म्हणून इथूनच सुरुवात करते.

हे दुखणं पायात नाही. पाय फक्त त्याचा पत्ता आहे. त्वचेकडून आलेली प्रत्येक बातमी मज्जारज्जूच्या मागच्या भागात उतरते आणि तिथून मेंदूकडे जाते. तिथे वाटेत छोट्या छोट्या चेतापेशी बसलेल्या असतात. त्यांचं काम बातमी पुढे पाठवण्याचं नाही, अडवण्याचं आहे. गाबा आणि ग्लायसिन ही रसायनं सोडून त्या पुढच्या पेशींना शांत ठेवतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो आणि बरं वाटतं, त्यामागे हीच व्यवस्था आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये याला ‘गेट’ची कल्पना दिली. तिचे तपशील पुढे बरेच बदलले, पण मज्जारज्जूत वेदनेवर पहारा असतो हे मूळ म्हणणं टिकलं. नस किंवा मज्जारज्जू दुखावला की हा पहारा ढिला पडतो. मग कापसाची बातमीही आगीची होऊन वर जाते. कधी कधी तर खालून बातमी येत नसतानाही वरच्या पेशी आपोआप पेटत राहतात.

आता पेशी रोपणाची कल्पना कुठून आली ते ध्यानात येईल. पहारेकरी कमी पडले असतील तर नवे बसवावेत. कल्पना चांगली आहे आणि तिच्यावर काम करणारी माणसंही खरी आहेत. म्हणून ‘स्टेम सेल चालतात का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. विचारायचं ते असं: कोणती पेशी, नेमकी कुठे, कोणतं काम करायला, आणि कोणत्या जातीच्या दुखण्यावर?

तुमच्याकडे पावसाळ्यात कोय कलमं बांधत असतील. रुजून आलेलं कोवळं रोप घ्यायचं, त्यावर हापूसची काडी बसवायची, पट्टीने घट्ट बांधायचं आणि सावलीत ठेवायचं. काडी हापूसचीच लागते, जाडी जुळावी लागते, साल सालीला भिडावी लागते. इतकं करूनही सगळी कलमं जगत नाहीत. कुठल्याही झाडाची काडी आणून आळ्यातल्या पाण्यात टाका, बाकीचं झाड बघून घेईल, असं कुणी सांगितलं तर बाबा त्याला बागेत पाऊल ठेवू देणार नाहीत. चेतासंस्थेत पेशी लावणं हे याहून कितीतरी नाजूक कलम आहे. पेशी जगली पाहिजे, योग्य जातीची झाली पाहिजे, शेजारच्या पेशींशी जोडली गेली पाहिजे आणि मग थांबलीही पाहिजे, म्हणजे वाढतच राहता कामा नये.

वेदनेसाठी पेशी लावण्याचा इतिहास चाळीस वर्षांचा आहे, आणि त्यातला पहिला अध्याय मला फार शिकवून गेला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ज्या ग्रंथी असतात, त्यांच्या गाभ्यातल्या क्रोमाफिन पेशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अफूसारखं काम करणारी काही द्रव्यं सोडतात. जॅकलिन सॅगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की या पेशी उंदरांच्या मज्जारज्जूपाशी ठेवल्या तर त्यांची वेदना कमी होते. म्हणजे पेशीचा वापर एका छोट्या जिवंत औषधपंपासारखा केला. नव्वदच्या दशकात कर्करोगाच्या असह्य दुखण्यात माणसांवरही हे करून पाहिलं गेलं. फ्रान्समध्ये तुलूझला यीव्ह लाझोर्त यांच्या गटाने मानवी पेशी कमरेच्या पाण्यात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या त्याच द्रवात, सोडल्या, आणि काही रुग्णांचं मॉर्फिन कमीही झालं. दुसरीकडे गाईच्या पेशी बारीक नळीसारख्या कॅप्सूलमध्ये बंद करून ठेवल्या गेल्या. सुरुवातीच्या थोड्या रुग्णांत चित्र आशेचं होतं. पण प्लासिबोशी, म्हणजे नुसत्या दिखाऊ उपचाराशी, तुलना करणारी चाचणी झाली तेव्हा फायदा सिद्ध झाला नाही, आणि तो मार्ग तिथेच थांबला.

एवढं तपशिलात सांगितलं ते मुद्दाम. त्या पेशी निवडून घेतलेल्या होत्या, त्या काय सोडतात हे माहीत होतं, प्राण्यांत परिणाम दिसला होता, पहिल्या रुग्णांनाही बरं वाटलं होतं. तरीही नीट तुलना केल्यावर ते उभं राहिलं नाही. तुम्हाला जे विकलं जातंय त्याच्या पाठीशी यातलं किती आहे, हे आता पाहू.

अलीकडचं काम थेट पहारेकऱ्यांवर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रात अ‍ॅलन बॅसबॉम यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूत एक भाग असा असतो जिथे गाबा सोडणाऱ्या पेशी जन्माला येतात. तिथल्या कोवळ्या पेशी घेऊन त्यांनी नस दुखावलेल्या प्रौढ उंदरांच्या मज्जारज्जूत, अगदी त्या मागच्या भागात, सोडल्या. त्या पेशी जगल्या, शेजाऱ्यांशी जोडल्या गेल्या, आणि स्पर्शाने होणारी ती अतिरेकी वेदना ओसरली. २०१६ मध्ये त्याच विद्यापीठातून मानवी स्टेम सेलपासून बनवलेल्या तशाच पेशींचं काम आलं. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांत वेदना कमी झाली आणि मूत्राशयाचं कामही सुधारलं. मी ते वाचलं त्या रात्री मला माझे किती रुग्ण आठवले ते सांगता येत नाही. पण ते उंदीर होते. उंदराच्या मज्जारज्जूत जेवढं अंतर पेशींना व्यापावं लागतं त्याच्या कितीतरी पट माणसात व्यापावं लागेल, आणि मानवी पेशी पिकायलाच महिने घेतात. अशा प्रकारच्या पेशींची माणसांवरची चाचणी अमेरिकेत २०२२ पासून फिट येण्याच्या आजारात, थेट मेंदूत सोडून चालू आहे. वेदनेसाठी हे अजून दवाखान्यात विकत घेण्याजोगं झालेलं नाही.

आणि बाबांना काय देणार आहेत? अस्थिमज्जेतल्या पेशी. त्या रक्ताच्या आणि हाड-चरबीच्या कुळातल्या. कमरेच्या पाण्यात सोडल्यावर त्या गाबा सोडणाऱ्या चेतापेशी होऊन मागच्या भागात जाऊन बसतात, याला पुरावा नाही. फार तर काही दिवस-आठवडे त्या दाह कमी करणारी द्रव्यं सोडतील, असा अंदाज संशोधक बांधतात आणि तो तपासायला चाचण्याही करतात. तपासणं वेगळं आणि विकणं वेगळं. उंदरांच्या त्या प्रयोगाची चित्रं माहितीपत्रकात छापायची आणि सिरिंजमध्ये भलतंच भरायचं, हे पाहिलं की मला राग येतो.

‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला’ हे वाक्य तर मनातून काढूनच टाका. मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणीवर पोर्तुगालमध्ये असाच उपचार झाला होता. तिच्याच नाकातल्या आतल्या अस्तराच्या पेशी इजेच्या जागी लावल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली म्हणून तपासलं, तर मज्जारज्जूत गाठ वाढलेली होती आणि त्या गाठीत नाकासारखाच चिकट स्राव तयार होत होता. हे २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पेशी तिच्याच होत्या, त्यांनी आपलं मूळचं कामच केलं, फक्त चुकीच्या जागी. परक्या पेशींचंही उदाहरण आहे. तीन देशांत फिरून असे उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूत वाढलेल्या गाठीतल्या पेशी त्याच्या नव्हत्याच, हे २०१६ मध्ये नोंदलं गेलं. दरवेळी असं होतं असं मी म्हणत नाही, हे प्रकार विरळ आहेत. पण कमरेच्या पाण्यात काहीही सोडलं की जंतुसंसर्ग आणि मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येण्याची शक्यता असतेच. बाबा आज वॉकरवर चालतात. गमावण्यासारखं त्यांच्याकडे बरंच आहे.

तुम्ही लिहिलंय की त्या केंद्राने बरे झालेल्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. ती माणसं खोटं बोलतात असं मला वाटत नाही. माझेच एक रुग्ण दुसऱ्या एका केंद्रातून असं करून आले. दोन महिने खरंच हलके होते, मुलीच्या लग्नात उभे राहिले. पाचव्या महिन्यात पुन्हा माझ्यासमोर, आणि आग पहिल्यासारखी. मधल्या काळात तिथल्या सांगण्यावरून गोळ्या बंद केलेल्या, त्यामुळे झोप गेलेली, आणि कर्ज डोक्यावर. हे दुखणं मुळात चढउताराचं असतं, आणि माणूस ते सर्वात चढलेलं असताना उपचार शोधायला निघतो. त्यानंतर काहीही केलं तरी थोडा उतार येणारच. शिवाय तिथे रोज व्यायाम होतो, कुणीतरी रोज विचारपूस करतं, आणि एवढा खर्च केल्यावर मन आशेने भरलेलं असतं. याचा परिणाम खरा असतो, पण तो पेशींचा असतो असं नाही. म्हणूनच तुलना करणारी चाचणी लागते, आणि व्हिडिओत तुलना नसते.

कायद्याचं थोडक्यात. भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसाठीचं मान्य प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा केंद्राला फोन करून एवढंच विचारा: ही चाचणी आहे का, असल्यास सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर चार लाख ऐंशी हजार कशाचे? सीटीआरआय ही क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, कुणालाही इंटरनेटवर बघता येते. नुसता क्रमांक मिळाला तरी हुरळून जाऊ नका. नोंदणी म्हणजे उपचार चालतो याचा दाखला नव्हे. क्रमांक टाकून बघा की ती चाचणी बाबांच्याच दुखण्याची आहे की गुडघ्याच्या झिजेची.

आता बाबांसाठी आज काय करता येईल, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोळीबद्दल तुम्ही लिहिलंय: प्रीगाबालिन ७५ (नसांच्या वेदनेवरची ७५ मिलिग्रॅमची गोळी), ‘जास्त दुखलं की रात्री एक’. तुमच्या पत्रात मला सर्वात उमेद देणारी ओळ हीच, कारण याचा अर्थ औषध नीट वापरलंच गेलेलं नाही. मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या वेदनेवर ज्या औषधांचा चांगला अभ्यास झालाय त्यात प्रीगाबालिन आहे, पण ते दुखलं की घ्यायचं औषध नाही. ते रोज, ठरल्या वेळी घ्यायचं असतं आणि हळूहळू वाढवायचं असतं. अभ्यासांत दिवसाला १५० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत दिलं गेलं आहे. म्हणून घरी आपणच वाढवू नका. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं लागतं, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, कारण मूत्रपिंड मंद असेल तर कमी डोस पुरतो. सुरुवातीला झापड येते, तोल जातो, पायांना सूज येऊ शकते. वॉकरवर चालणाऱ्या माणसाचा तोल हा मोठा विषय आहे. आणि ते एकदम बंदही करू नका. याला अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन या नसांच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या औषधांची जोड देता येते. मात्र अमिट्रिप्टिलिनने लघवी अडू शकते, बद्धकोष्ठ वाढतं, आणि मज्जारज्जूच्या रुग्णांत दोन्ही तक्रारी आधीच असतात. म्हणून मी ते दहा मिलिग्रॅमपासून आणि लघवीची चौकशी करूनच सुरू करते. खरं सांगायचं तर सगळं नीट करूनही आग शून्यावर क्वचितच येते. दहापैकी आठची चार-पाचवर येणं आणि रात्री सलग पाच तास झोप लागणं, हे माझ्या ओपीडीत यश मानलं जातं. घरात ही अपेक्षा आधीच बोलून ठेवली तर ‘फरक नाही’ म्हणून चौथ्या दिवशी औषध सुटत नाही.

मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे नेहमीच्या अंगदुखीच्या, गोळ्या मात्र थांबवा. या आगीवर त्यांचा उपयोग जवळपास नसतो, आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

दुसरं, आग अचानक भडकली तर पायाकडे बघू नका, बाकी शरीराकडे बघा. तुंबलेली लघवी, लघवीतला जंतुसंसर्ग, चार दिवस न झालेलं शौच, कमरेखाली सुरू झालेली जखम, बोटात घुसलेलं नख. यातलं काहीही बाबांना स्वतंत्रपणे जाणवेलच असं नाही, नुसती आग म्हणूनही जाणवू शकतं. पावसाळ्यात आग वाढते असं बरेच जण सांगतात. त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत खरं कारण एवढंच निघतं की बाहेर पाऊस असल्यामुळे शौचालयापर्यंत जायचा कंटाळा केला आणि पाणी कमी प्यायले.

तिसरं, पाय बर्फाच्या पाण्यात बुडवणं आणि गरम पाण्याची पिशवी, दोन्ही नको. ज्या पायाला टाचणी कळत नाही त्याला भाजलेलंही कळत नाही. वर सांगितलेल्या काकांच्या टाचेला मिठाच्या शेकाने फोड आले होते आणि ती जखम भरायला तीन महिने गेले. ओला पंचा गुंडाळायला हरकत नाही. सुती मोजे घालून झोपणंही काहींना मानवतं, कारण चादर पायावर घासायची थांबते.

काही गोष्टी बाबांना तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाहीत. आग पहिल्या दिवसापासून आहे की मध्येच सुरू झाली? गेल्या काही महिन्यांत ती वर सरकली का, हाताची पकड कमी झाली का, चाल बिघडली का? तसं असेल तर नवा एमआरआय लागेल, कारण इजेनंतर वर्षांनी मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते आणि तिचा उपचार वेगळा असतो. दुखणं इजेच्या पातळीवर, म्हणजे जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला, झटक्याझटक्याने येत असेल तर निवडक रुग्णांत मज्जारज्जूच्या त्याच मागच्या भागावर शस्त्रक्रिया करतात, तिला ड्रेझ म्हणतात. पण गुडघ्याखालच्या सतत जळणाऱ्या आगीवर तिचा फायदा कमी. मॉर्फिनचा पंप, पाठीत बसवायचा, मज्जारज्जूला सौम्य वीज देणारा स्टिम्युलेटर, हेही पर्याय आहेत, खर्चिक आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. ती चर्चा औषधं पुऱ्या डोसने दोन-तीन महिने करून झाल्यावर.

उद्या वेदनेसाठी पेशींची खरी चाचणी आपल्याकडे सुरू झाली, फुकट असली, नोंदलेली असली, आणि कोणती पेशी कुठे सोडणार हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, तर ते कागद घेऊन माझ्याकडे या. आपण दोघं बसून वाचू. त्या दिवशी मी ‘नको’ म्हणेनच असं नाही.

तोवर एक वही करा. रोज सकाळी बाबांना तीन गोष्टी विचारून लिहायच्या: रात्री आगीला दहापैकी किती गुण, किती वेळा जाग आली, आणि काल शौच झालं का. पंधरा दिवसांची ती वही, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, जुना एमआरआय आणि ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन जवळच्या वेदनातज्ज्ञाकडे किंवा न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा. एसटीने जाणार असाल तर सोबत दोघं जा, बाबांना चढता-उतरताना एकट्याने धरणं जमत नाही. आणि बागेचा तो तुकडा आहे तसा राहू द्या.